थोरलीचे ऋण

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपण बहुधा काळाचा महिमा सांगण्यासाठी वापरतो. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारीत नाही. सुनेचे चार दिवस आले म्हणजे ती त्या दिवसांचे काय करते? तिने जे सोसले ते पुढच्या सुनेला सोसावे लागू नये म्हणून ती झटते, की आपल्या सोसण्याची भरपाई तिच्याकडून वसूल करते? दोन्ही प्रकार आपल्या घरांतून आपण पाहिलेले आहेत. घराबाहेर, जिथे स्त्रिया नव्यानेच अधिकाराच्या जागी येऊ लागल्या आहेत, तिथे हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. रुग्णालयाचा अपघात विभाग, ज्याला आपण सारे ‘कॅज्युअल्टी’ म्हणतो, ही अशीच एक जागा आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही जागा अनोळखी नाही. लोकलच्या दारात लटकून कामाला जाणे आपल्यापैकी अनेकांच्या नित्यक्रमाचा भाग आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या आणि जखमींची रीघ रुग्णालयांच्या दारी लागली. परंतु मोठी दुर्घटना घडलीच पाहिजे असे नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेले आजोबा, तापाने आकडी आलेले मूल, घरात पेटलेली स्त्री, सर्पदंश झालेला मुरबाडकडचा शेतकरी ही कॅज्युअल्टीची रोजची माणसे होत. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय असो, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय असो, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय असो वा कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय असो, त्या दारात पहिल्यांदा जो डॉक्टर उभा असतो तो बहुधा वयाने लहान असतो. आणि हल्ली तो पुष्कळदा मुलगी असते.

या कामाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे, कारण आपला नैतिक प्रश्न त्याच्याशीच निगडित आहे. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णाला क्रमांक असतो. कॅज्युअल्टीत क्रमांकाला अर्थ नसतो, प्रकृतीला असतो. दहा माणसे एकदम आली तर त्यांच्यांत कोण आधी हे ठरवावे लागते. या निवडीला ‘ट्रायेज’ म्हणतात. ज्याला तत्काळ उपचार हवेत त्याला लाल खूण, ज्याला थोडा वेळ थांबता येईल त्याला पिवळी, जो चालत आला आहे त्याला हिरवी. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा श्वास घेत असतो, आणि जो निपचित पडलेला असतो त्याच्याकडे आधी धावायचे असते, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते, परंतु अंगी बाणत नाही. श्वासमार्ग मोकळा आहे ना, श्वास चालू आहे ना, रक्ताभिसरण होत आहे ना, हा क्रम पाठ असणे निराळे आणि दहा नातेवाईक खांद्याशी उभे राहून ओरडत असताना तो क्रम न मोडणे निराळे. हे दुसरे शिकायचे तर जवळ कुणीतरी उभे असावे लागते.

आपल्या देशात या विद्येला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. तोवर कॅज्युअल्टी हे एक प्रकारचे पोरके खाते होते. इतर विभागांतील कनिष्ठ डॉक्टर तिथे पाळीपाळीने जात आणि पाळी संपली की सुटकेचा निःश्वास टाकीत. जी शाखाच नवी, तीत वडीलधारी माणसे थोडी, आणि त्यांत स्त्रिया आणखी थोड्या. डॉक्टर होणाऱ्या मुलीला आपला समाज प्रेमाने जो सल्ला देतो तो सर्वांना ठाऊक आहे: स्त्रीरोग घे, बालरोग घे, त्वचारोग घे; रात्रपाळ्या, पोलीस, दारुडे आणि रक्त यांच्या वाटेला जाऊ नकोस. तो सल्ला बाजूस सारून जी मुलगी या वाटेने जाते, तिला पुढे चालणारी एखादी स्त्री दिसणे किती मोलाचे असेल, याची कल्पना करता येते.

हे मोल ज्यांच्या आयुष्यातून सिद्ध झाले त्यांच्यापैकी एक आपल्या कल्याणचीच होती. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना ही विवाहानंतर आनंदीबाई गोपाळराव जोशी झाली. तिचा जन्म १८६५ चा. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि योग्य उपचारांवाचून तो दहा दिवसांत गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर ती तातडीच्या वैद्यकीय सेवेच्या अभावाची बळी होती. त्या दुःखातून तिने डॉक्टर होण्याचे ठरविले, हे आपण शाळेत शिकलो. परंतु तिच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या एका स्त्रीविषयी आपण तितकेसे बोलत नाही.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मिळावे म्हणून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. उत्तरात साह्याची तयारी होती, पण दोघांनी ख्रिस्ती व्हावे अशी अट होती. त्यांनी ती नाकारली. हा पत्रव्यवहार अमेरिकेत एका नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता वाचला आणि आनंदीबाईला पत्र लिहिले. त्या डॉक्टर नव्हत्या, विदुषी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. दोघींची पत्रे वर्षानुवर्षे येत-जात राहिली आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागली. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून एकटी निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा तिला घरी नेण्यासाठी कार्पेंटरबाई आलेल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी ती पदवीधर झाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

ख्रिस्ती म्हणून या हकिकतीपाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. एक साह्य अट घालून आले आणि परत गेले. दुसरे अटीवाचून आले आणि स्वीकारले गेले. वाइल्डर यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ते आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक होते. परंतु अडलेल्या माणसापुढे अट ठेवली की साह्याचा सौदा होतो, आणि सौद्यात देणाऱ्याची श्रद्धाही लहान होते. ही अट नेहमी धर्माचीच असते असे नाही. आजची ज्येष्ठ डॉक्टर आपल्या हाताखालच्या मुलीला म्हणू शकते, ‘मी तुला शिकवीन, पण तू माझ्या गटात राहा, माझ्यासारखी हो, मी सोडली ती घरची सुखे तूही सोड.’ ही अट उघड बोलली जात नाही, म्हणून ती अधिक जाचक असते. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईला दुसरी कार्पेंटर करू पाहिले नाही. ती साडी नेसून, आपला आहार व आचार सांभाळून त्यांच्या घरी राहिली. मार्गदर्शनाची ही पहिली कसोटी म्हणता येईल: धाकटीला तिच्या स्वतःच्या वाटेने जाऊ देण्याइतके थोरलीचे मन मोठे आहे काय?

दुसरी कहाणी मुंबईतली. एडिथ पीची या एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेतील यशामुळे त्यांना मिळू शकणारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. त्याच वर्षी परीक्षेला निघालेल्या या विद्यार्थिनींवर जमावाने चिखलफेक केली. अखेर पदवी घ्यायला पीचीबाईंना स्वित्झर्लंडमधील बर्नला जावे लागले. १८८३ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. याच काळात रखमाबाई हे नाव देशभर गाजत होते. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे तिने नाकारले होते आणि १८८४ पासून १८८८ पर्यंत तो खटला चालला. खटला मिटल्यावर रखमाबाईला डॉक्टर होण्यासाठी पाठबळ देणाऱ्यांत पीचीबाई आघाडीवर होत्या. १८८९ मध्ये ती लंडनला गेली. तिथले स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय काढण्यात सोफिया जेक्स-ब्लेक यांचा पुढाकार होता, आणि त्या एडिंबऱ्यातील पीचीबाईंच्याच सहकारी. १८९४ साली डॉक्टर होऊन परतलेल्या रखमाबाईंनी पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

ज्या स्त्रीच्या अंगावर चिखल फेकला गेला, तिला ‘मी सोसले, तूही सोस’ असे म्हणण्याचा अधिकार इतर कुणाहून अधिक होता. तिने तो वापरला नाही. आपल्याला जे नाकारले गेले त्याची यादी तिने जणू स्मरणात ठेवली आणि दुसरीला तेच मिळवून देण्यासाठी ती राबली. सोसणे माणसाला आपोआप उदार करीत नाही. सोसणाऱ्यांपैकी कित्येक कडू होतात. त्या अनुभवाचे काय करायचे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि म्हणूनच हा नीतीचा प्रश्न आहे, स्वभावाचा नव्हे.

तिसरी कहाणी आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातली आहे. अॅग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटिश डॉक्टर जेक्स-ब्लेक यांच्या स्नेही. ब्रिटनमध्ये दार बंद म्हणून त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे पदवी घेतली, ती १८७८ मध्ये. साठी उलटल्यावर त्या कॅथोलिक झाल्या आणि सत्तरी उलटल्यावर हिंदुस्थानात आल्या. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांना प्रकृती दाखवीत नाहीत आणि उपचारांवाचून मरतात, हे त्यांना अस्वस्थ करीत होते. १९०९ मध्ये रावळपिंडी येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय सुरू झाले ते त्यांच्या खटपटीने. अडचण अशी होती की धर्मभगिनींनी डॉक्टर होणे व प्रसूतीचे काम करणे यांस तेव्हाच्या धर्मनियमांची आडकाठी होती. हा निर्बंध उठावा म्हणून वार्धक्यातही त्या रोमकडे पुनःपुन्हा अर्ज-विनंत्या करीत राहिल्या. याच सुमारास अॅना डेंगेल या ऑस्ट्रियातील तरुणीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. कुठे शिकावे, कोणती पदवी हिंदुस्थानात ग्राह्य ठरेल, असा अगदी व्यवहारी सल्ला त्यांनी तिला दिला. १९१३ मध्ये मॅक्लॅरेन निवर्तल्या. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. अॅना मात्र आयर्लंडमध्ये कॉर्क येथे शिकून डॉक्टर झाली, १९२० मध्ये रावळपिंडीच्या त्याच रुग्णालयात रुजू झाली आणि १९२५ मध्ये तिने ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ या संस्थेची स्थापना केली. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने तो निर्बंध उठविला. पुढे पाटणा व दिल्ली येथील होली फॅमिली रुग्णालये याच संस्थेने उभारली. जी वाट मॅक्लॅरेनबाईंना स्वतःला दिसणार नव्हती, तिच्यासाठी त्या झिजल्या. मार्गदर्शन फळासाठी करायचे नसते असे आपण सहज म्हणतो. इथे ते शब्दशः घडले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गंभीर आहे. कॅज्युअल्टीत थोरली आणि धाकटी अशा दोघीच नसतात, मधे खाटेवर तिसरा जीव असतो. धाकटीची चूक त्याच्या प्राणावर बेतू शकते. मग तिथे हळुवारपणाला जागा कोठे? कठोर शिस्तीतूनच चांगला डॉक्टर घडतो, असे जुनी मंडळी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु कठोरपणाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक कामाचा कठोरपणा: नाडी पुन्हा मोज, औषधाची मात्रा मोठ्याने उच्चारून मगच दे, रुग्णाला हलविण्यापूर्वी मान आधाराने स्थिर कर. यात सूट देणे हे पाप होय. दुसरा अपमानाचा कठोरपणा: चार लोकांदेखत ‘तुला हे जमायचे नाही, तू लग्न करून घरी बस’ असे म्हणणे. याने रुग्णाचे कोणते हित साधते? उलट अहितच होते. अपमानाला भ्यालेली मुलगी शंका विचारीत नाही. रात्री तीन वाजता ‘मॅडम, मला हा ईसीजी कळत नाही’ असा फोन करण्याऐवजी ती अंदाजाने निर्णय घेते. न विचारलेली शंका खाटेवरच्या माणसाला भोवते. म्हणून जी थोरली ‘केव्हाही उठव, रागावणार नाही’ असे सांगते आणि उठविल्यावर खरोखरच रागावत नाही, ती धाकटीवर उपकार करीत नसून रुग्णाविषयीचे आपले कर्तव्य बजावीत असते.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. स्त्रीने स्त्रीलाच का हाताशी धरावे? शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने काय गुन्हा केला? हा प्रश्न न्याय्य आहे. नाडी, मात्रा, श्वासमार्ग यांचे शिक्षण थोरलीने दोघांनाही सारखेच दिले पाहिजे, त्यात भेद केला तर तो अन्यायच. परंतु काही गोष्टी त्या तरुणाला शिकाव्याच लागत नाहीत. पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभी असलेली मुलगी रुग्णाच्या नातेवाइकांना ‘सिस्टर’ वाटते आणि ‘डॉक्टर कुठे आहेत?’ असे ते तिलाच विचारतात. त्यावर चिडावे की हसावे, आवाज किती ठेवावा, दारू प्यालेल्या घोळक्यापुढे दाराच्या बाजूला कसे उभे राहावे, पोलिसांच्या नोंदीच्या प्रकरणात कुणाच्या दडपणाला बळी पडू नये, गरोदरपणी रात्रपाळीविषयी वरिष्ठांशी कसे बोलावे, मृत्यूची वार्ता आईला कोणत्या शब्दांत द्यावी आणि त्यानंतर स्वतः कुठे जाऊन दोन मिनिटे रडून यावे: यातील बरेचसे ज्ञान केवळ जी त्यातून गेली तिच्यापाशीच असते. ज्याच्यापाशी जे आहे ते त्याने गरजवंताला द्यावे, यात पक्षपात कसला?

इथे हेही सांगितले पाहिजे की थोरली म्हणजे पदाने मोठी असेच नव्हे. वीस वर्षे कॅज्युअल्टीत काढलेली परिचारिका नव्या डॉक्टरणीला हळूच म्हणते, ‘मॅडम, हे बाळ मला बरे दिसत नाही, एकदा पाहता का?’ त्या एका वाक्यात पदवीहून मोठे शिक्षण असते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका झाल्या. त्यांनी किती डॉक्टर घडविले याची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थोरलीने धाकटीला जपावे असे म्हणता म्हणता आपण संस्थेचे काम एका थकलेल्या स्त्रीच्या गळ्यात तर घालीत नाही ना? ९ ऑगस्ट २०२४ रोजी कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि अवघा देश हादरला. कितीही प्रेमळ वडीलधारी बाई असली तरी ती विश्रांतीच्या खोलीच्या दाराला कडी, जिन्यात दिवा आणि फाटकावर रखवालदार यांची जागा घेऊ शकत नाही. या गोष्टी देणे हे शासनाचे, महापालिकेचे आणि रुग्णालय चालविणाऱ्या संस्थांचे, आपल्या संस्थांचेही, कर्तव्य आहे. धीर देणारी थोरली हवी, पण ती अव्यवस्थेवरचे पांघरूण होता कामा नये. किंबहुना धाकटीला नुसते ‘सहन कर’ असे न शिकविता ‘चल, आपण दोघी मिळून लेखी मागणी करू’ असे म्हणणे, हा तिच्या थोरलेपणाचाच भाग आहे. मॅक्लॅरेनबाईंनी अॅनाला सल्ला दिला आणि त्याच वेळी नियम बदलण्यासाठी रोमचे दारही ठोठावले. एक केले म्हणून दुसरे सुटले नाही.

आणि आपण, जे डॉक्टर नाही, त्यांचे काय? कार्पेंटरबाई डॉक्टर नव्हत्या, हे विसरू नये. डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीत रात्रपाळीहून आलेली सून दुपारी झोपली असेल तेव्हा दारावरची घंटा वाजू न देणारी सासू, पहाटे कल्याण स्थानकापर्यंत मुलीला सोडायला जाणारा बाप, ‘मुलगी रात्री बाहेर असते’ अशी कुजबुज ऐकून तिथल्या तिथे थांबविणारी शेजारीण, रविवारच्या मिस्साला न दिसलेल्या मुलीविषयी टीका करण्याआधी ती कोठे असेल याचा विचार करणारा धर्मग्राम: ही सर्व माणसे त्या खाटेवरच्या जिवाच्या रक्षणात सहभागी असतात. आणि आपण स्वतः नातेवाईक म्हणून त्या दारात उभे राहू, तेव्हा समोरच्या मुलीला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारणे, एवढे तर प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

ऋण ज्याचे त्याला परत केले की फिटते, हा व्यवहाराचा नियम. ज्ञानाचे आणि धीराचे ऋण मात्र मागे फेडता येत नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. तिला बावीसही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक वाट पाहत राहिली. एकाही धाकटीला हाताशी धरण्याची संधी तिला मिळाली नाही. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. हिशेबाच्या वहीत पाहिले तर थोरलीने दिले ते सारे बुडाले असेच म्हणावे लागेल. परंतु आज कल्याणच्या कॅज्युअल्टीत एखादी मुलगी निपचित बाळाच्या छातीवर दोन्ही हातांचे अंगठे ठेवून त्याचे हृदय पुन्हा चालू करू पाहते आणि तिच्यामागे उभी असलेली ज्येष्ठ डॉक्टर ‘घाई नको, मोजत राहा, मी आहे’ असे म्हणते, तेव्हा ते ऋण योग्य त्या ठिकाणी पोहोचत असते.